फोटो प्रिंटवर स्प्रे वार्निश मारायला फ्लॅटमध्ये सुरक्षित जागा कुठली?

सह्यछाया

१४ प्रिंट आहेत, सगळे ए२ (४२ × ५९.४ सेंमी). ३०८ ग्रॅमचा मॅट कॉटन रॅग कागद, पिगमेंट इंक. प्रदर्शन नोव्हेंबरच्या शेवटी आहे. काच न लावता फ्लोट फ्रेम करायची आहे, त्यामुळे बोट किंवा नख लागून काळ्या भागावर चकाकता ओरखडा उठू नये म्हणून वार्निश हवं. आणायचं आहे ते ४०० मिलीच्या एरोसोल डब्यातलं, सॉल्व्हंटवालं.

राहतो पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर, टू बीएचके. डोळ्यासमोर चार जागा आहेत:

१. बाथरूम, ४ × ६ फूट, वर छोटा एक्झॉस्ट. धूळ नाही, वारा नाही.
२. ड्राय बाल्कनी. तिथे वॉशिंग मशीन आहे, शेजारच्या खिडक्या जवळ आहेत.
३. सोसायटीची गच्ची. मोकळी आहे, पण धूळ आणि कबुतरं.
४. ओळखीच्या डेंटिंग-पेंटिंग गॅरेजचं बूथ, रविवारी रिकामं असतं.

मास्क एन९५ आहे. यातली कुठली जागा धरावी, आणि आत्ताच, ऑगस्टमध्ये, काम उरकावं का?

---

फोटोकागद

बाथरूम पहिल्यांदा यादीतून काढा. चारांत सगळ्यात वाईट जागा तीच आहे, आणि नेमकी तीच सगळ्यांना सुचते, कारण तिथे धूळ नसते. धुळीवर उपाय आहेत. वाफ कुठे जाणार, हा खरा प्रश्न आहे.

एरोसोलच्या डब्यातलं जवळजवळ सगळं उडून जाणारं आणि पेट घेणारं असतं. ढकलणारा वायू म्हणून प्रोपेन, ब्यूटेन किंवा डायमिथाइल ईथर आणि सॉल्व्हंट म्हणून अॅसिटोन, ब्यूटाइल अॅसिटेट, कधी झायलीन. कागदावर उरणारं रेझिन थोडंसंच. बाकी सगळं खोलीच्या हवेत जातं. यातल्या प्रत्येकाची वाफ हवेपेक्षा जड आहे. प्रोपेन दीडपट, ब्यूटेन दुप्पट. म्हणजे ती फरशीवर पसरते, आणि तुमचा एक्झॉस्ट आहे छताजवळ.

आता आकडे बघा. ४ × ६ × ८ फूट म्हणजे सुमारे ५.४ घनमीटर. या वाफा पेट घेण्याइतक्या दाट व्हायला घनमीटरला साधारण ४० ते ६५ ग्रॅम पुरतात. वाफ सगळ्या बाथरूममध्ये सारखी मिसळली असं धरलं तरी २१५ ते ३५० ग्रॅम, म्हणजे जेमतेम एका डब्याइतका माल. पण ती सारखी मिसळत नाही. ती तळच्या एका फुटात साचली असं धरा: तिथे जागा फक्त ०.७ घनमीटर, म्हणजे ३० ते ४५ ग्रॅम पुरे. नोझलमधून सेकंदाला एक ग्रॅमच्या आसपास माल बाहेर पडतो. एका ए२ प्रिंटच्या कोटांमध्येच तुम्ही त्या हद्दीजवळ पोचता, आणि अजून १३ प्रिंट बाकी असतात.

शिवाय बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर नळ उघडताक्षणी बॅटरीची ठिणगी पडते. इलेक्ट्रिक गीझरचा थर्मोस्टॅट स्वतःहून चालू-बंद होतो, तेव्हाही आत ठिणगी असते. एक्झॉस्टच्या बटणात असते. दाराखालच्या फटीतून वाफ स्वयंपाकघराकडे गेली तर तिथे शेगडी, फ्रीजचा रिले, देवघरातला दिवा. वाफ जमिनीवरून सरपटत दूरच्या ज्योतीपर्यंत जाते आणि आग तिथून उलटी तुमच्याकडे येते.

ड्राय बाल्कनीला हेच कारण लागू. वॉशिंग मशीन, बऱ्याच घरी तिथेच ठेवलेला सिलिंडर, आणि तीन बाजूंनी भिंती. वारा उलटला की सगळी वाफ घरात.

राहिली गच्ची आणि गॅरेज. मी गच्ची म्हणेन.

मास्कबद्दल: एन९५ कण अडवतो, सॉल्व्हंटची वाफ त्यातून सरळ आत जाते. सेंद्रिय वाफांसाठी असलेल्या कोळशाच्या कार्ट्रिजचा हाफ-फेस मास्क घ्या. उदाहरणार्थ ३एमचा ६२०० (मध्यम मापाचा), त्याला ६००१ कार्ट्रिज, त्यावर ५एन११ प्रीफिल्टर आणि तो धरून ठेवणारं ५०१ झाकण. नुसतं कार्ट्रिज वार्निशचे थेंब अडवत नाही आणि नुसतं प्रीफिल्टर वाफ अडवत नाही. दोन्ही लागतात. मास्क घातल्यावर उच्छ्वासाच्या झडपेवर तळवा ठेवून हळू श्वास सोडा. मास्क किंचित फुगला पाहिजे आणि कडेने हवा सुटता कामा नये. दाढी असेल तर ही चाचणी पास होत नाही, मग मास्क कितीही महागाचा असो. काम झालं की कार्ट्रिज झिपच्या पिशवीत हवाबंद ठेवा, उघड्यावर कोळसा घरातली हवा शोषतच राहतो आणि संपतो. मास्कच्या आत वास यायला लागला तर तिथेच थांबून कार्ट्रिज बदलायचं.

---

लॅकर_पॉलिश

वरच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. गॅरेज आणि ऑगस्ट या दोन मुद्द्यांवर लिहितो.

गॅरेजचं बूथ वाफेच्या दृष्टीने उत्तम असू शकतं, पण तीन गोष्टी विचारल्याशिवाय जाऊ नका. पहिली, एक्झॉस्टची मोटर फ्लेमप्रूफ (आतल्या ठिणगीने बाहेरची वाफ पेटू न देणारी) आहे का आणि हवा खरंच बाहेर जाते का. पुष्कळ ठिकाणी बूथ म्हणजे ताडपत्री आणि कोपऱ्यात साधा पंखा. दुसरी, शेजारी त्या दिवशी कोणी टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचं दोन भागांचं पारदर्शक कोटिंग) मारणार आहे का. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने एकदा अंगाला अॅलर्जी धरली की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही दमा उठतो, आणि त्याची वास देऊन सूचना मिळत नाही. त्या कामाला बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. तुमच्या कार्ट्रिजच्या भरवशावर तिथे उभं राहू नये.

तिसरी सिलिकॉन. गाड्यांच्या पॉलिशमध्ये आणि डॅशबोर्डच्या स्प्रेमध्ये ते असतं आणि गॅरेजच्या हवेत, फडक्यांवर, टेबलांवर सगळीकडे बसलेलं असतं. त्याचा अंश प्रिंटवर आला की वार्निश तिथून मागे सरतं आणि गोल खड्डे पडतात. पॉलिशवाले त्याला फिशआय म्हणतात. गाडीवर ते घासून काढता येतं, कॉटन रॅगवर येत नाही. प्रिंट गेला. हातावरच्या क्रीमनेही हेच होतं, म्हणून नायट्राइलचे हातमोजे.

गॅरेजपेक्षा लाकडी फर्निचरच्या पॉलिशवाल्याची जागा बरी. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या आसपास चौकशी केलीत तर मेलामाइन आणि एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारणारे मिळतील. तिथे अडचण लाकडाच्या भुशाची. घासकाम बंद असलेला दिवस विचारा.

आता ऑगस्ट. नको. सॉल्व्हंट झरझर उडताना कागदाचा पृष्ठभाग थंड करतं, आणि हवा दमट असेल तर ओल्या वार्निशवर पाणी धरतं. परिणाम म्हणजे पांढरट धुकं, ज्याला ब्लशिंग म्हणतात. मॅट कागदाच्या गडद काळ्यावर ते सगळ्यात आधी दिसतं. पावसाळ्यात लाकूड पॉलिश करताना थिनरमध्ये रिटार्डर घालून उडण्याचा वेग कमी करतात. सीलबंद डब्यात तुम्हाला ते करता येत नाही. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर असेल तर डबा उघडू नका, ५५च्या खाली मिळाली तर उत्तम. पुण्यात ऑगस्टमध्ये ती ८०च्या पुढे असते. एक डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) घ्या आणि प्रिंट ठेवणार त्याच जागी अर्धा तास ठेवून वाचा. मोबाइलवरचा आकडा शहराचा असतो, तुमच्या गच्चीचा नसतो.

दसरा होऊ द्या. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात पाऊस मागे फिरला की पुण्याची हवा पटकन कोरडी होते आणि तुमच्याकडे वाळायला महिना उरतो. पण भल्या पहाटे मारू नका. वारा पडलेला असतो म्हणून पहाट बरी वाटते, पण रात्रभर गारठलेल्या हवेत आर्द्रता दिवसातली सर्वांत जास्त असते. १० ते १२ ही वेळ धरा.

हलकं ब्लशिंग झालंच तर पुसायला जाऊ नका. कोरड्या हवेत एक पातळ कोट मारला की त्यातलं सॉल्व्हंट खालचा थर पुन्हा विरघळवतं आणि पाणी निघून जातं. बऱ्याचदा धुकं जातं. दाट पांढरं झालं असेल तर नाही जात.

---

सह्यछाया

दोघांचे मनापासून आभार. बाथरूमचा हिशेब वाचून ती कल्पना सोडली. सोसायटीकडून ऑक्टोबरच्या दोन रविवारी सकाळी ९ ते १ गच्ची वापरायची लेखी परवानगी मिळण्यासारखी आहे. गच्चीवर सोलर हीटर, पाण्याच्या टाक्या आणि एका टोकाला लिफ्टची मशीन रूम आहे. तिथे मांडणी कशी करावी? धुळीचं काय?

---

फोटोकागद

लिफ्टच्या मशीन रूमपासून शक्य तितकं दूर, आणि वाऱ्याच्या दिशेने तिच्या पुढे, म्हणजे वाफ तिच्याकडे जाणार नाही अशी जागा घ्या. लिफ्ट चालू-बंद होताना तिथले कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचे मोठे विजेचे स्विच, ठिणगी टाकतात. सोलरच्या काचा आणि टाक्यांची झाकणंही वारा येतो त्या बाजूला राहू द्या. उडालेलं वार्निश हवेतच सुकून चिकट धूळ बनतं आणि काचेवर बसलं की सहज निघत नाही. खाली पार्किंगमधल्या गाड्या आणि वाळत घातलेले कपडेही लक्षात घ्या. कठड्यापासून किमान १० फूट आत राहा. वाऱ्याची दिशा बघायला काठीला लोकरीचा धागा बांधा. अगरबत्ती नको, तिथे कुठलीच ज्योत किंवा निखारा नको, मोबाइलचा चार्जरही नको.

बूथ म्हणजे वॉशिंग मशीनचं किंवा फ्रीजचं खोकं. ए२साठी आतून साधारण ३ फूट रुंद, ३ फूट उंच, २ फूट खोल. पुढची बाजू पूर्ण उघडी. मागची बाजूही कापून काढायची आणि तिथे गादीत भरतात ते पॉलिएस्टरचं वॅडिंग, पाऊण इंच जाड, ताणून टेपने चिकटवायचं. मागे बंद पुठ्ठा ठेवला तर फवारा आपटून उलटा येतो, अर्धा तुमच्या तोंडावर आणि अर्धा कोरड्या कणांच्या रूपात प्रिंटवर. वॅडिंग कण धरतं आणि हवा जाऊ देतं. वाफ मात्र त्यात अडत नाही, ती वाऱ्यानेच नेली पाहिजे. खोक्याला तळात दोन विटा ठेवा, झुळुकीने उलथतं.

वारा नसेल तर टेबल फॅन, पण खोक्याच्या मागे हवा *ओढायला* लावू नका, कारण मग वाफ मोटरमधून जाते. साधा घरगुती पंखा त्यासाठी बनवलेला नसतो. तो ८–१० फूट लांब, ताज्या हवेच्या बाजूला ठेवा, म्हणजे मोटरकडे नेहमी स्वच्छ हवाच येईल. बटण आधी चालू करा आणि शेवटचा फवारा मारून १५–२० मिनिटं झाल्यावरच बंद करा. आणि उभं राहताना वारा पाठीवर घेऊ नका. पाठीवरून आलेली हवा तुमच्या छातीसमोर भोवरा करते आणि वाफ नाकाशी फिरत राहते. वारा एका खांद्यावरून येऊन दुसऱ्या बाजूने जाईल असं खोकं तिरकं लावा.

पक्क्या घरगुती बूथचा विचार पुढेमागे केलात तर मोजमाप असं: उघड्या तोंडाशी हवेचा वेग मिनिटाला १०० फूट हवा. ३ × ३ फुटांच्या तोंडाला ९०० सीएफएम (मिनिटाला घनफूट), म्हणजे तासाला सुमारे १५०० घनमीटर. पंख्यावर छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो, फिल्टर आणि पाइप लावला की तो बराच उतरतो. त्यात मोटर फ्लेमप्रूफ हवी. १४ प्रिंटसाठी हा खटाटोप नाही.

---

वसईकर

धुळीसाठी गच्ची आदल्या संध्याकाळी धुऊन घ्या आणि सुरू करण्याआधी पाणी शिंपडा, धूळ बसून राहते. कबुतरांसाठी खोक्यावर जुनी मच्छरदाणी. आमच्या किनारपट्टीवर काम करणाऱ्यांसाठी: दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की आर्द्रता आणि धूळ दोन्ही येतात, त्याआधी आटपा. इथे डिसेंबर-जानेवारीतल्या कोरड्या दिवसांशिवाय ६५च्या खाली सलग दोन तास मिळणं कठीण.

---

लॅकर_पॉलिश

गच्ची धुणं योग्य. शिंपडण्याला दुरुस्ती: खोक्याच्या आत किंवा लगत शिंपडू नका. तापलेल्या फरशीवरून तेच पाणी वाफ होऊन प्रिंटभोवतीची आर्द्रता वाढवतं. वाऱ्याच्या बाजूला, ६–७ फुटांवर, आणि अर्धा तास आधी. मच्छरदाणी नायलॉनची असेल तर तिला घासून स्थिर वीज तयार होते, धूळ ओढली जाते. सुती चालेल. कपडेही सुती घाला, पॉलिएस्टर किंवा लोकरीचे नकोत.

प्रिंटवरचे तंतू बकरीच्या केसांच्या मऊ ब्रशने आणि हातपंपाच्या ब्लोअरने उडवा. गाडीवाले वापरतात तो चिकट टॅक क्लॉथ मॅट कागदावर अजिबात नाही, त्याचा राळेचा अंश डाग होऊन वार्निशखाली कायमचा राहतो. कॉटन रॅगच्या कापलेल्या कडांमधून भुगा सुटतो, तो आधी झटका. नाहीतर फवाऱ्याच्या झोताने तोच आकाशाच्या भागात जाऊन बसतो. नंतर तो तंतू सुटून आला की खाली पांढरा ठिपका उरतो.

मारायची पद्धत.

प्रिंट आडवा ठेवू नका. डबा वाकडा धरला की आतली नळी वायू ओढते, थुंकल्यासारखे थेंब पडतात, आणि नोझलवर साचलेला थेंबही सरळ प्रिंटवर. फळीला ७०–८० अंशांत उभं करा, प्रिंट पेंटरच्या टेपने फक्त मागच्या कडेला लावा. एसीतल्या खोलीतून थेट गच्चीवर आणू नका, गुंडाळलेल्या अवस्थेत अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या.

डबा आतली गोळी खुळखुळायला लागल्यापासून पुढे २ मिनिटं हलवा, आणि प्रत्येक कोटाआधी १० सेकंद. थंडीत जोर कमी वाटला तर कोमट पाण्यात, हाताला सहन होईल इतक्याच, ५ मिनिटं उभा ठेवा. गॅसवर किंवा उन्हात ठेवायचा नाही, ५० अंशांच्या वर डबा फुटू शकतो.

अंतर २५ ते ३० सेंमी. फवारा कागदाच्या बाहेर सुरू, बाहेरच बंद. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. पहिला कोट आडवा, दुसरा उभा, तिसरा पुन्हा आडवा. मनगट न वळवता अख्खा हात समांतर न्यायचा, नाहीतर मधे दाट आणि कडांना पातळ होतं. कोटांमध्ये १० ते १५ मिनिटं. पहिला कोट इतका पातळ की काहीच झालं नाही असं वाटावं. तिरप्या उजेडात बघा, ओलसर चमक सलग दिसली की पुरे.

काय बिघडतं, ते ओळखायला: जवळून मारलं तर ओघळ आणि संत्र्याच्या सालीसारखी पोत. लांबून, किंवा पंख्याचा झोत जोरात असताना मारलं तर थेंब हवेतच सुकतात आणि पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत होतो. फेब्रुवारी ते एप्रिलच्या पुण्याच्या कोरड्या दुपारीही हेच होतं, तेव्हा अंतर २० सेंमीवर आणावं लागतं. मॅट कागदावर डाग-डाग चमक दिसली तर एका जागी हात रेंगाळला.

आधी त्याच कागदाचे, त्याच प्रिंटरचे तीन-चार तुकडे काढा: काळा, गडद निळा, त्वचेचा रंग, कोरा कागद. त्यावर पूर्ण तीन कोट. पहिला पूर्ण प्रिंट मारण्याआधी आणि नंतर डबा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. फरक गुणिले १४, भागिले डब्यातल्या मालाचं वजन, म्हणजे किती डबे लागतील ते कळतं. एक जास्तीचा घ्या, तोही त्याच बॅचचा. संपत आलेल्या डब्याने शेवटचा कोट मारू नका, थुंकतो.

---

उजेडवाट

एक मूळ प्रश्न विचारून ठेवतो, कारण इतर वाचणाऱ्यांना लागू पडेल. काचेमागे किंवा अॅक्रिलिकमागे जाणाऱ्या प्रिंटला वार्निशची गरज नाही. पिगमेंट प्रिंटला यूव्ही अडवणारी काच पुरते, आणि ती पुढे बदलता येते. वार्निश काढता येत नाही. सिल्व्हर जिलेटिनच्या जुन्या कृष्णधवल प्रिंटवर तर कधीच मारू नये. कॅनव्हासवर छापलेलं असेल तर पाण्यात मिसळणारं अॅक्रिलिक वार्निश फोमच्या रोलरने घरातच लावता येतं, खिडकी उघडी ठेवली की झालं. कॉटन रॅगवर मात्र रोलर नको, पाण्याने कागद फुगून लाटा पडतात. सह्यछाया, तुमच्या बाबतीत काच नाही, तेव्हा स्प्रे योग्यच आहे.

वार्निशच्या आधी आणि नंतरच्या वाळण्याबद्दल कोणी लिहिलं नाही. इंकमधलं ग्लायकोल सावकाश बाहेर येतं. छापल्यावर किमान २४ तास, दमट दिवसांत ४८ ते ७२, प्रिंट उघडे किंवा मधे कोरा शोषक कागद घालून ठेवा. ग्लायकोल आत अडकलं तर वार्निश आठवडाभर चिकट राहतं. पेन्सिलची सही आधी करा. मार्करने करणार असाल तर तुकड्यावर तपासा, सॉल्व्हंटने शाई पसरू शकते.

मारून झाल्यावर प्रिंट अर्धा तास तिथेच गच्चीवर, खोक्याचं झाकण तंबूसारखं चार इंच वर ठेवून. वास असेपर्यंत खाली घरात आणू नका, विशेषतः लहान मूल, गरोदर बाई, दम्याचा पेशंट किंवा पिंजऱ्यातले पक्षी असतील तर. पक्ष्यांना या वाफा फार लवकर बाधतात. पुढे २४ तास हवेशीर खोलीत एकेक सुटा ठेवायचा, आणि फ्रेम करण्याआधी आणखी आठवडा. एकमेकांवर रचायचेच असतील तर मधे ग्लासीन पेपर (गुळगुळीत, न चिकटणारा पातळ कागद). ऑक्टोबरच्या उकाड्यात नवं वार्निश दाबाने चिकटतं आणि सोडवताना इंकसकट निघतं.

काम संपल्यावर डबा उलटा धरून नुसता वायू येईपर्यंत दोन सेकंद दाबा, नोझल चोंदत नाही. उरलेले डबे गाडीच्या डिकीत ठेवू नका आणि स्वयंपाकघरातल्या कपाटातही नको. रिकामा डबा फोडायचा, जाळायचा नाही. रंगाच्या डब्यांसारखाच तो घरगुती घातक कचरा धरतात, म्हणून ओल्या-सुक्यात न टाकता वेगळा, वर लिहून द्या. वार्निश भिनलेलं वॅडिंग गच्चीवरच उघडं पसरून दिवसभर सुकवा, मगच पिशवीत भरा.

---

सह्यछाया

खूप उपयोग झाला. मास्क आणि हायग्रोमीटर आज मागवले. ऑक्टोबरच्या त्या दोनांपैकी पहिल्या रविवारी फक्त तुकडे आणि एक प्रिंट, दुसऱ्या रविवारी उरलेले १३. एक विचारायचं राहिलं: तीन कोटांचा वेळ धरता ९ ते १ मध्ये १३ प्रिंट बसतील का?

---

लॅकर_पॉलिश

एका खोक्यात एकेक करून संपवत गेलात तर नाही बसणार. एका कोटाला प्रिंटमागे ३ मिनिटं धरा, चढवणं-उतरवणं धरून. १३ प्रिंटचा एक कोट म्हणजे ४० मिनिटं, तेवढ्यात पहिला प्रिंट दुसऱ्या कोटाला तयार असतोच. तीन फेऱ्या दोन तासांत होतात. मात्र १३ प्रिंट उभे ठेवायला जागा आधी करून ठेवा, वाऱ्याच्या बाजूला, खोक्यापासून १० फूट दूर, म्हणजे उडालेले कण त्यांच्यावर बसणार नाहीत. १० वाजता सुरू करा. साडेनऊला हायग्रोमीटर ६५च्या वर असला तर थांबा. साडेदहापर्यंत उतरला नाही तर त्या दिवशी डबा उघडू नका आणि सोसायटीकडे तिसरा रविवार आत्ताच मागून ठेवा.